स्नूकरमधलं सातत्य: शॉट वाकण्याआधीच ठरतो

स्नूकर खेळणाऱ्या कुणालाही सोपा शॉट हुकण्याचं दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लांबचा लाल सरळ पॉकेटमध्ये जातो, बारीक कट बसतो, आणि त्याच ब्रेकमध्ये दोन फुटांवरचा काळा पॉकेटच्या कडेला आपटून परत येतो. मग आपण ठरवतो की आता सातत्यावर काम करायचं. तासाच्या भाड्याने टेबल घ्यायचं आणि तोच शॉट पन्नास वेळा मारायचा. पण यातून सातत्य येतं का? आणि सातत्य म्हणजे नक्की काय?

माझ्या पीएचडीचा विषय हालचालींचं नियंत्रण हा आहे. म्हणजे मेंदू हातापायांकडून अचूक काम कसं करून घेतो, ते मी शिकते आहे. या क्षेत्रातलं बरंच संशोधन नेम धरण्याच्या खेळांवर झालंय: गोल्फ, बास्केटबॉलचा फ्री थ्रो, नेमबाजी आणि बिलियर्ड्स. त्यातलं स्नूकरला लागू पडेल असं काय आहे, ते या लेखात पाहू. सगळ्या लेखाचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर असा: सातत्य म्हणजे हात दरवेळी तंतोतंत तसाच हलणं नव्हे, तर निर्णय पूर्ण झाल्यावरच शॉट सुरू होणं. शॉटआधीच्या रूटीनचं खरं काम तेच.

आधी थोडी भूमिती

आपण कशाशी झगडतो आहोत, ते आकड्यांत बघितलं की बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात.

स्नूकरच्या चेंडूचा व्यास 52.5 मिलिमीटर असतो. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेतीन इंच, म्हणजे 88-89 मिलिमीटर धरू. चेंडू बरोबर मधून गेला तर दोन्ही बाजूंना साधारण 18-18 मिलिमीटर जागा उरते. वाटते बऱ्यापैकी, नाही का?

आता एक सरळ शॉट घ्या. क्यू बॉल आणि लाल यांच्यात दीड मीटर अंतर, आणि लालपासून पॉकेट एक मीटरवर. क्यू बॉल हव्या त्या रेषेपासून फक्त 0.1 अंशाने ढळला, तर लालपाशी पोचेपर्यंत तो सुमारे 2.6 मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. पण लाल कुठे जाणार हे टकरीच्या क्षणी दोन्ही चेंडूंची केंद्रं कशी आहेत यावर ठरतं, आणि तिथे चूक एकदम फुगते. या अंतरावर ती सुमारे 27-28 पट होते. म्हणजे 0.1 अंशाची चूक लालच्या वाटेत पावणेतीन अंशांची झाली. एक मीटर पुढे पॉकेटपाशी लाल सुमारे 48 मिलिमीटर बाजूला. शॉट हुकला, आणि चांगलाच हुकला.

हाच हिशेब उलटा करू. 18 मिलिमीटरच्या आत राहायचं तर क्यू बॉलच्या दिशेत साधारण 0.04 अंशापेक्षा जास्त चूक चालत नाही. टेबलावर टेकलेला हात आणि क्यूची मूठ धरलेला हात यांच्यात 90 सेंटिमीटर अंतर धरलं, तर मागच्या हाताला बाजूला सरकायला मोकळीक उरते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तांदळाचा दाणाही त्याहून जाड असतो.

ही मोकळीक वाचून घाबरू नका. जवळच्या शॉटला ती पुष्कळ वाढते. पण एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: इतक्या बारीक मापात शेवटच्या क्षणी हाताने 'जरासं सावरून घेणं' हा भरवशाचा उपाय असूच शकत नाही.

लोहाराचा हातोडा

1920च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन नावाचे शास्त्रज्ञ कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करत होते. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली त्यांनी फिल्मवर टिपून मोजल्या. हातोडा छिन्नीवर दरवेळी नेमका बसत होता. पण तिथे पोचेपर्यंत खांदा, कोपर आणि मनगट दरवेळी थोड्या वेगळ्या वाटेने जात होते. एका सांध्यात झालेला फरक दुसरा सांधा भरून काढत होता. यातूनच पुढे बर्नस्टाइन यांचं म्हणणं प्रसिद्ध झालं: सराव म्हणजे तीच हालचाल पुन्हा करणं नव्हे, तोच प्रश्न पुन्हा सोडवणं.

स्नूकरला हे कसं लागू होतं? तुमचा हातही दोन वेळा अगदी सारखा हलणार नाही. जगज्जेत्याचाही हलत नाही. शरीर फरक भरून काढत असतं, आणि ते चांगलंच आहे. प्रश्न असा, की भरून काढायला तुम्ही शरीराला किती देता?

समजा पाय रेषेपासून थोडे डावीकडे पडले, डोकं किंचित तिरपं झालं. खाली वाकल्यावर क्यू चुकीच्या दिशेने रोखलेला आहे, पण तुम्हाला ते स्पष्ट दिसत नाही, नुसतं 'काहीतरी खटकतंय' असं वाटतं. मग मारता मारता मनगट क्यूला वळवून रेषेवर आणू पाहतं. त्या दिवशी लय लागलेली असेल तर जमतं. नसेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात बसत नाही. 'काल सगळं बसत होतं, आज काहीच नाही' या तक्रारीच्या मागे पुष्कळदा हेच असतं. काल सावरून घेणं जमलं, आज जमलं नाही. रेषा तर दोन्ही दिवशी चुकीचीच होती.

त्यात वेळही कमी. डोळ्यांनी पाहून हालचाल दुरुस्त करायला मेंदूला साधारण एक ते दोन दशांश सेकंद लागतात. क्यू पुढे निघाल्यापासून चेंडूला लागेपर्यंतचा वेळ याहून फारसा मोठा नसतो. म्हणजे क्यू पुढे निघाला की दुरुस्तीची खिडकी जवळजवळ बंद. जे ठरवायचं ते त्याआधीच ठरलेलं हवं.

नजर थांबते तेव्हा

आता नजरेकडे येऊ. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी 1990च्या दशकात खेळाडूंची नजर टिपणारी उपकरणं वापरून पाहिलं, की फेकण्याआधी किंवा मारण्याआधी डोळे नक्की कुठे असतात. त्यांना आढळलं ते असं: निर्णायक हालचाल सुरू होण्याआधी कसलेल्या खेळाडूंची नजर एका जागी स्थिरावते आणि जास्त वेळ टिकते. या शेवटच्या स्थिर नजरेला त्यांनी दिलेलं इंग्रजी नाव 'क्वाएट आय'. मी तिला 'शांत नजर' म्हणते.

2002 मध्ये मार्क विल्यम्स, रॉबर्ट सिंगर आणि शेन फ्रेलिक यांनी हेच बिलियर्ड्सच्या टेबलावर तपासलं. (हे मार्क विल्यम्स क्रीडाशास्त्रज्ञ आहेत, स्नूकरचे जगज्जेते वेगळे!) तरबेज खेळाडूंची शांत नजर नवख्यांपेक्षा लांब होती. बसलेल्या शॉटआधी ती हुकलेल्या शॉटआधीपेक्षा लांब होती. शॉट जितका अवघड, तितकी ती वाढत होती. आणि खेळाडूंना घाई करायला लावली, की शांत नजरेचा काळ घटला आणि खेळही बिघडला.

इथे एक सावधगिरी. नजर लांब म्हणून शॉट बसतो, की शॉटची तयारी नीट झाली म्हणून नजर शांत राहते? दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. त्यामुळे 'चेंडूकडे टक लावून बघा, पॉट होईल' असा अर्थ काढू नका. पण नजर सारखी भिरभिरत असेल, तर ती एक खूण समजायला हरकत नाही: निर्णय अजून व्हायचाय.

1994 मधला काळा

शेफील्डचं क्रुसिबल थिएटर, 2 मे 1994. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम लढत. स्टीफन हेंड्री आणि जिमी व्हाइट 17-17 असे बरोबरीत, शेवटची फ्रेम. व्हाइटचा त्या दिवशी 32वा वाढदिवस होता. त्याआधी पाच वेळा अंतिम फेरीत पोचून तो हरला होता. शेवटच्या फ्रेममध्ये तो पुढे होता, टेबल त्याच्या हातात होतं, आणि ठिपक्यावरचा काळा हुकला. हा शॉट त्याने आयुष्यात हजारो वेळा मारला असणार. हेंड्रीने 58चा ब्रेक करून फ्रेम आणि विजेतेपद नेलं. व्हाइट नंतर कधीच अंतिम फेरीत पोचला नाही.

त्या एका शॉटचं निदान तीस वर्षांनी लेखातून करण्यात अर्थ नाही. पण दडपणाखाली पक्का झालेला शॉट का मोडतो, यावर चांगलं संशोधन आहे.

1992 मध्ये रिच मास्टर्स यांनी नवख्या लोकांना गोल्फचं पटिंग शिकवलं. काहींना तंत्राच्या तपशीलवार सूचना दिल्या. काहींना सूचना नाहीतच, उलट शिकताना त्यांचं डोकं दुसऱ्याच कामात गुंतवून ठेवलं, म्हणजे नियम मनाशी रचायला सवडच मिळू नये. मग सगळ्यांवर ताण आणला. सूचना पाठ असलेल्यांची प्रगती ताणाखाली थांबली, दुसऱ्यांची चालू राहिली. मास्टर्स यांचं स्पष्टीकरण असं, की दडपण आलं की माणूस अंगवळणी पडलेली हालचाल पुन्हा सुटी करून एकेक भाग जाणीवपूर्वक चालवू बघतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाय कसा ठेवायचा याचा विचार करून पाहा, म्हणजे कळेल.

2001 मध्ये शान बायलॉक आणि थॉमस कार यांनी गोल्फवरच आणखी दोन गोष्टी दाखवल्या. एक, कसलेल्या खेळाडूंना नुकताच मारलेला पट नवख्यांपेक्षा कमी तपशिलात आठवतो, कारण तो मारताना त्यांचं लक्ष हालचालीवर नसतंच. दोन, ज्यांचा सराव व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर, 'कुणीतरी बघतंय' या जाणिवेत झाला, त्यांचा खेळ दडपणाखाली कोसळला नाही. 2004 मध्ये बायलॉक आणि सहकाऱ्यांनी हेही दाखवलं, की 'लवकर मारा' असं सांगितलं की नवख्यांचा खेळ बिघडतो, पण तज्ज्ञांचा सुधारतो.

थांबा! वर तर आपण म्हटलं की घाईने शांत नजर कमी होते आणि खेळ बिघडतो. मग हे उलटं कसं? बारकाईने बघितलं तर भांडण नाही. नजरेला हवा तो वेळ काढून घेतला तर नुकसान होतं. पण विचार करायला मोकळा पडलेला वेळ काढून घेतला तर तज्ज्ञाचा फायदा होतो. वेळ किती हा मुद्दाच नाही. तो कशात जातो, हा आहे.

व्यावसायिक खेळात याची मजेशीर उदाहरणं आहेत. रॉनी ओ'सलिव्हनने 1997 मध्ये क्रुसिबलवर 147चा ब्रेक केला तो पाच मिनिटांच्या थोड्या वर वेळात. त्यात 36 पॉट असतात, म्हणजे टेबलाभोवतीच्या चालण्यासकट प्रत्येक शॉटला साडेआठ सेकंदांच्या आसपास. 2005 मध्ये त्याच स्पर्धेत, त्याच ओ'सलिव्हनसमोर, पीटर एबडनने 12 गुणांच्या एका ब्रेकला पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला. आणि सामना एबडनने 13-11 असा जिंकला! तेव्हा रूटीन म्हणजे सावकाश खेळणं, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

मग रूटीनमध्ये काय असावं?

वरच्या सगळ्याचं सार असं: उभं असताना विचार, वाकल्यावर फक्त नजर आणि क्यू. त्यावरून मी पुढचा क्रम सुचवेन. उजव्या हाताने खेळता असं धरून लिहिते. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.

1. उभं राहून ठरवा. कुठला चेंडू, कुठलं पॉकेट, किती जोर, आणि क्यू बॉल कुठे थांबायला हवा. हे सगळं मनातल्या मनात एका वाक्यात म्हणता आलं पाहिजे: 'लाल कोपऱ्यात, हळू, काळ्यासाठी थांबायचं.' वाक्य पूर्ण होत नसेल तर शॉट ठरलेला नाही.

2. रेषेच्या मागे उभे राहा. टकरीच्या क्षणी क्यू बॉल जिथे असायला हवा, तिथे एक काल्पनिक चेंडू बघा. त्याचं केंद्र लालच्या केंद्रापासून बरोबर एक चेंडू मागे, म्हणजे 52.5 मिलिमीटरवर असतं. क्यू बॉलपासून त्या केंद्रापर्यंत जाणारी रेषा ही तुमची रेषा. उजवं पाऊल त्या रेषेवर ठेवा. अर्धा शॉट इथे होतो, कारण ही रेषा उभ्यानेच नीट दिसते.

3. रेषेवरूनच खाली या. डोकं सरळ पुढे आणि खाली आणा. बाजूने झुकत येऊन मग हनुवटी क्यूवर सरकवू नका. नजर रेषेवरून हलली, तर उभ्याने काढलेली रेषा वाया गेली.

4. क्यू मोजक्या वेळा पुढेमागे करा. दोन, तीन, चार, तुमचा जो आकडा असेल तो, पण बहुतेक शॉट्सना तोच. या फेऱ्या तपासणीसाठी आहेत: टोक ठरवलेल्या जागीच जातंय ना? नेम बदलण्यासाठी त्या नाहीत.

5. टोक क्यू बॉलजवळ थांबवा आणि नजर लालवर न्या. तिथेच राहू द्या. क्यू सावकाश मागे घ्या आणि सोडा. शांत नजर ती हीच.

6. चेंडू पडेपर्यंत खालीच राहा. निकाल बघायला डोकं वर काढायची घाई, हा शेवटच्या क्षणीच्या हालचालीचा मोठा झरा आहे.

आणि या सगळ्यावर एकच कडक नियम: खाली वाकल्यावर शंका आली तर उठा. नुसतं थोडं सरकून घेऊ नका. पूर्ण उठा, मागे या, पहिल्या पायरीपासून सुरू करा. क्लबात चारजण बघत असताना हे लाजिरवाणं वाटतं, समोरचा उसासा टाकतो, ते ठीक आहे. या नियमाशिवाय बाकीच्या सहा पायऱ्या म्हणजे नुसता विधी. खेळण्याआधी क्यूला तीनदा खडू लावणं किंवा कॉलर सारखी करणं हाही ठरलेला क्रम असू शकतो, पण त्याने निर्णय पक्का होत नाही.

सराव कसा करायचा?

तोच शॉट पन्नास वेळा मारण्याबद्दल सुरुवातीला विचारलं होतं. 1979 मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी एक प्रयोग केला. लोकांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एका गटाने आधी पहिलीचा सगळा सराव, मग दुसरीचा, मग तिसरीचा केला. दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. नंतर काही काळाने परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट सरस ठरला.

कारण सोपं आहे. तोच शॉट लागोपाठ मारताना दुसऱ्या वेळेपासून रेषा काढावीच लागत नाही, ती उरलेलीच असते. तुम्ही फक्त हाताचा सराव करता, निर्णयाचा नाही. सामन्यात मात्र प्रत्येक शॉट पहिल्यांदाच येतो. म्हणून तंत्रातली एखादी गोष्ट नवीन बसवायची असेल तेव्हा थोडा वेळ एकच शॉट मारा. मग चार-पाच वेगवेगळे शॉट मिसळा, प्रत्येक वेळी टेबलापासून एक पाऊल मागे या, आणि पूर्ण क्रम करा. तासाला वीस शॉट कमी होतील, पण भाडं वसूल होईल. अधूनमधून फोन उभा करून स्वतःचं शूटिंगही करा. तंत्र बघायला उपयोगी पडतंच, शिवाय कुणीतरी बघतंय याची सवयही होते.

शेवटी मोजणी, कारण इथे फसायला फार सोपं आहे. समजा एखादा शॉट तुम्ही 70 टक्के वेळा मारू शकता. रोज तो 20 वेळा मारला तर रोज 14 बसतील का? नाही. तुमच्या खेळात काडीचाही फरक न पडता निव्वळ योगायोगाने चारातले साधारण तीन दिवस आकडा 12 ते 16 यांच्या दरम्यान येईल, आणि चौथ्या दिवशी त्याच्याही बाहेर. म्हणजे आज 16 आणि उद्या 12 बसले, तर बिघडलेलं काहीच नसण्याची शक्यता भरपूर आहे. पण आपण त्या 12 ला घाबरतो आणि कोपर बदलतो, पकड बदलतो, कुणीतरी सांगितलं म्हणून पायही बदलतो. चांगला चाललेला खेळ अशाने खरंच बिघडतो.

म्हणून पुढचे दोन आठवडे पॉट मोजूच नका. प्रत्येक शॉटनंतर वहीत फक्त एक खूण करा: वाकण्याआधी वाक्य पूर्ण झालं होतं का, आणि शंका आली तेव्हा उठलात का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर बरोबर, मग चेंडू पडो की न पडो. चेंडू पडणं पूर्णपणे तुमच्या हातात कधीच नव्हतं. शंका आल्यावर उठणं मात्र आहे.